स्क्रीनवरचं आईचं नाव

दाजींनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरात हा विषय निघाला की सगळे हसायला लागतात आणि मुद्दा बाजूला राहतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले, जुळे सोलापुरात फ्लॅट, सकाळी नेमानं फिरायला जाणारे, भाजीवाल्याशीही हळू आवाजात बोलणारे. अशा माणसानं मला फसवलं असं मी म्हणालो की लोक माझ्याकडेच संशयानं बघतात. कारण सात रस्त्याजवळ माझा जुन्या कॉम्प्युटरचा धंदा आहे आणि माझा आवाज दाजींपेक्षा बराच मोठा आहे.

यात पैशाचा प्रश्न नाही. पैशाचा असता तर मी दाजींना दाजी न म्हणता तिथल्या तिथं सरळ केलं असतं. प्रश्न शब्दाचा आहे. दाजींनी मला एक शब्द दिला होता. मी तो उलटसुलट विचारून त्यांच्याकडून पक्का करून घेतला होता. तो त्यांनी पाळला नाही. आणि वर म्हणतात, पाळला.

माझा धंदा असा. एखादं ऑफिस किंवा पतसंस्था नवे कॉम्प्युटर घेते तेव्हा जुने कुठंतरी जायला हवेत. ते माझ्याकडं येतात. माल बघायला गेलो की मी चहा नको म्हणतो. चहा घेतला की माणूस मऊ पडतो. मग एक मशीन उघडतो, आत फुंकर मारतो, धूळ उडाली की खोकतो आणि काही न बोलता झाकण परत लावतो. विकणाऱ्याचा निम्मा धीर तिथंच जातो. ही विद्या मला कुणी शिकवली नाही. मोडनिंबहून सोलापुरात आलो तेव्हा एका दुकानात मशिनं पुसायला होतो. आज त्याच रस्त्यावर माझं दुकान आहे. गिऱ्हाईक भांडतं, मी त्याहून मोठ्यानं भांडतो आणि दोघंही समाधानानं घरी जातो. समोरच्या भिंतीवर पाटी आहे: ‘एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही. त्यावर हुज्जत घालू नये.’ हुज्जत घालण्याचा हक्क दुकानात फक्त मला आहे.

निवृत्तीनंतर काही लोक देवाला लागतात, काही शेअर बाजाराला. दाजी लिनक्सला लागले. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. जगभरातल्या लोकांनी मिळून केलेलं. ते कुणालाही घेता येतं, उघडून बघता येतं, हवं तसं बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं. हे सगळं दाजींनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन. त्यांच्या इमारतीत कुणाचा कॉम्प्युटर हळू चालतो असं नुसतं कानावर आलं की दाजी पेनड्राइव्ह घेऊन दारात हजर. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्यांना चुकवावं तसे लोक दाजींना चुकवायला लागले. वरच्या मजल्यावरच्या एका बँकवाल्यानं तर लिफ्ट सोडून जिना धरला. आक्का, म्हणजे माझी बहीण, म्हणायची, “देव परवडला असता. देव निदान घरातल्या घरात असतो.”

मग दाजी माझ्या दुकानात आले. तेही दुपारी, गिऱ्हाईक नसताना. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“मेव्हणे, एक विचार आहे.”

“विचार असला तर बसा. दान असलं तर उभ्यानंच बोला.”

दाजी उभेच राहिले.

मागच्या गोदामात एका ऑफिसचा माल बरेच दिवस पडून होता. मशिनं चांगली होती, पण नेहमीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्यांना झेपेना आणि जुनीला आता कुणी विचारीना. भंगारवाला दोनदा येऊन हात लावून गेला होता. दाजी सरळ गोदामात गेले, धुळीत मांडी घालून बसले, एका मशीनला पेनड्राइव्ह लावला आणि म्हणाले, “चहा सांगा.” चहा येईपर्यंत मशीन चालू झालं होतं. भंगारात जाणारं मशीन, आणि बटण दाबल्याबरोबर असं उठलं की जणू दुपारची झोप झाली होती.

“ही मशिनं म्हातारी झालेली नाहीत,” दाजी म्हणाले. “यांच्यावर संसार फार जड टाकला होता. हलका टाकला की चालतात.”

“दाजी, मग ही विकता येतील की!”

“मी दान म्हणत होतो.”

“मी ऐकलं.”

“मोडनिंबची शाळा. तुम्ही जिथं शिकलात.”

“शिकलो कुठं? बसलो.”

“मग आता दुसरी पोरं शिकतील.”

माझा संताप असा आहे की तो आधी कानात चढतो. दाजींना ते माहीत आहे. ते कानाकडं बघत थांबले. पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तेव्हा दुसरंच काही सुरू झालं होतं.

आमच्या गावाकडं वस्तू दान द्यायची एक रीत आहे. वस्तूवर नाव घालायचं. शाळेतलं कपाट घ्या, पाण्याची टाकी घ्या, घंटा घ्या, सगळ्यावर कुणाच्या तरी स्मरणार्थ म्हणून नाव असतंच. पंख्याच्या पात्यांवरसुद्धा असतं. पंखा फिरत असतो तोवर ते दिसत नाही. लाईट गेली, वर्गात उकडायला लागलं, की सगळ्यांनी वर बघायचं आणि देणगीदार वाचायचा. मी वाचायला असंच शिकलो.

भांड्यांचंही तसंच. लग्नात, वास्तुशांतीला भांडी द्यायची ती नाव कोरून. आमच्या घरी मात्र एकाही भांड्यावर आमचं नाव नव्हतं. आई बाजाराच्या दिवशी मोडीत निघालेली भांडी घ्यायची. ताट एकाचं, तांब्या दुसऱ्याचा, पिठाचा डबा तिसऱ्याच गावच्या मामांकडून भाचीला सप्रेम भेट. आम्ही जेवायला बसलो की आई विचारायची, “आज कुणाकडं जेवायला बसलास रं?” मी भाजी बाजूला सारून नाव वाचायचो. आक्काच्या ताटावर एका वकिलाचं नाव होतं, म्हणून ती जेवताना रुबाबात बसायची. माझ्या ताटावरचं नाव एका गुळाच्या व्यापाऱ्याचं होतं. वर्गातल्या एका पोरानं ते पाहिलं आणि मला चिडवलं, तेव्हा मी राख घेऊन ते ताट घासायला बसलो. नाव काही जाईना. आई म्हणाली, “राहू दे की. त्येचं नाव हाय म्हनून भाजी कडू लागती व्हय?”

मला कडू लागायची. म्हणून तर मी सोलापुरात आलो.

आई गेली. तिचं नाव कुठल्या ताटावर आलं नाही की कुठल्या पंख्यावर आलं नाही. रेशन कार्डावर होतं, तेवढंच. आणि त्या दिवशी गोदामात चहाचा कप हातात घेऊन मी उभा होतो, समोर दाजी, त्यांच्या मागं मशिनांची रांग, आणि प्रत्येक मशीनवर त्या ऑफिसानं पांढऱ्या रंगात घातलेलं स्वतःचं नाव.

“देतो,” मी म्हणालो. “पण एक अट.”

दाजींनी डोळे मिटले. त्यांना वाटलं मी काहीतरी मागणार.

“प्रत्येक मशीनवर आईचं नाव. ऑइलपेंटनं. ठळक.”

दाजींनी डोळे उघडले आणि चष्मा काढला. “ऑइलपेंट? मेव्हणे, त्याला हवा घ्यायला जाळी असते. रंग आत गेला तर...”

“मग स्क्रीनच्या पाठीवर घालू.”

“पाठीमागं भिंत असते. भिंत वाचणार का?”

“मग दान कॅन्सल.”

दाजींनी त्या चालू मशीनच्या स्क्रीनवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “स्क्रीनच्या पाठीवर कशाला? स्क्रीनवरच दाखवू. मशीन चालू केलं की सगळ्यात आधी आईंचं नाव. मग बाकी सगळं. रोज, प्रत्येक मशीनवर. पंख्यासारखी लाईट जायची वाट बघायला नको.”

इथं मी फसलो. ऑइलपेंटपेक्षा हे भारी होतं. पण मी काही कच्चा माणूस नाही. सगळ्या बाजूंनी विचारून घेतलं.

“उद्या कुठली कंपनी येऊन काढणार नाही ना?”

“यात कंपनी नाहीच. हेच तर मी सांगतोय.”

“अपडेट-बिपडेट आलं की जाईल?”

“नाही जाणार.”

“म्हणजे कायम?”

दाजींनी चष्मा पुसला, परत घातला आणि म्हणाले, “कायम.”

हा तो शब्द. गोदामातला चहावाला साक्षीला आहे, पण तो म्हणतो त्याचं लक्ष नव्हतं.

मशिनं देण्याचा कार्यक्रम झकास झाला. मुख्याध्यापिका बाईंनी नारळ दिला, शाल दिली, फेटा बांधला. फेटा माझ्या डोक्याला मोठा झाला आणि फोटोत मी कुणाच्या तरी लग्नातला वरबाप दिसतो. दाजींनी सगळी मशिनं एकदम चालू केली. झेंडूच्या फुलांची चौकट आणि मध्ये पिवळ्या अक्षरांत आईचं नाव. एका ओळीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आई. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला फोन आला असं सांगून मी व्हरांड्यात गेलो. फोन आला नव्हता.

आक्का त्या दिवशी येऊ शकली नाही. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, धुळीत जायचं नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं. तिला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला ते बघायचंय.” मी म्हणालो, “घाई कशाला, कायमचं आहे ते.”

तेव्हापासून दाजी दर शनिवारी एसटीनं मोडनिंबला जायला लागले. शाळा सुटल्यावर पोरांना शिकवायचे. मी त्यांच्याबरोबर कधी माऊस पाठवायचो, कधी वायर. दाजी सोमवारी दुकानात येऊन पोरं काय काय करायला लागली ते सांगायचे. पोरं मराठीत टाइप करतात. पोरं चित्रं काढतात. पोरांनी शाळेच्या सहलीचा नकाशा केला. मी एकच विचारायचो, “नाव दिसतं ना?” दाजी म्हणायचे, “पोरं बघतात हो रोज पहिल्यांदा.” नीट ऐका. पोरं काय बघतात, ते त्यांनी एकदाही सांगितलं नाही.

मग एका शनिवारी मोडनिंबच्या पुढं एका नातेवाइकाकडं साखरपुडा निघाला. आक्काचा डोळा बरा झाला होता. मी तिला गाडीत घातलं आणि म्हणालो, “जाता जाता शाळेत थांबू. दाजी तिथंच असतील. तुला आई दाखवतो.” आक्कानं साखरपुड्यासाठी नेसलेली साडी शाळेत शिरण्याआधी नीटनेटकी केली.

वर्गाबाहेर चपलांचा ढीग. आत दाजी पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे वर घेऊन बसलेले. मला बघून उठले, पण ज्या घाईनं उठले ती मला आवडली नाही.

मी म्हणालो, “सगळी मशिनं बंद करा आणि परत चालू करा. आक्काला बघू दे.”

“आता कशाला?” दाजी म्हणाले. “पोरांचं काम चाललंय.”

“काम नंतर.”

पोरांनी खुशीत मशिनं बंद केली आणि परत चालू केली. मी आक्काला हाताला धरून मधल्या मशीनसमोर उभं केलं.

झेंडूची चौकट आली. मध्ये एक शेळी होती.

दुसऱ्या मशीनवर कबड्डीची टीम. तिसऱ्यावर ट्रॅक्टर, त्याच्यावर बसलेला कुणाचा तरी चुलता. चौथ्यावर कांद्याच्या ढिगापुढं उभी असलेली एक बाई, खाली तिचं नाव आणि ‘माझी मम्मी’. असं शेवटपर्यंत. चौकट सगळीकडं तीच, माझ्या आईची झेंडूची. आई कुठंच नाही.

आक्का म्हणाली, “ह्यात आई कुटंय?”

माझे कान तापले. “कुणी केलं हे?”

पोरं घाबरली तर नाहीतच, उलट सगळ्यांनी अभिमानानं एकमेकांकडं बोट दाखवलं. त्यातली एक पोरगी पुढं आली. सातवीतली, दोन वेण्या, लाल रिबिनी, बाहीवर शाईचा डाग.

“आमी केलं. समद्यांनी.”

“कुणाला विचारून?”

“इचारायचं कुनाला? सरांनीच शिकवलं की.”

“नाव काढायला शिकवलं?”

“न्हाय ओ काका. चित्र बदलायला. सर म्हनले, पयलं चित्र कुनीतरी लावलंय, म्हंजे आपल्यालाबी दुसरं लावता येतंय. पासवर्ड बी दिला.”

दाजी खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर शाळेची भिंत होती, बाकी काही नाही.

“पण ते नाव काय वाईट होतं का?”

“वाईट न्हवतं. पर ती आजी कोन, आमाला ठावं न्हवतं. हिची मम्मी आमाला ठावं हाय. कांदं भरायला जाती.”

यावर मी आवाज चढवला. “मशिनं मी दिलीत!”

“व्हय. दिलीत की,” पोरगी म्हणाली. “मग आता कुनाची हायती?”

माझ्या पाठीमागं आक्का बाकावर टेकली. “तुझ्या दुकानात ती कसली पाटी हाय रे?” ती म्हणाली. “दिलेल्या मालाची?” आणि पदर तोंडाला लावून हलायला लागली. सख्खी बहीण.

ठीक आहे, म्हटलं. सौदाच करायचा तर सौदा. यात मला कुणी हरवत नाही.

“सगळ्या मशिनांवर नाव परत लावायचं,” मी म्हणालो.

“न्हाय.”

“बरं. निम्म्यांवर.”

बोलून गेलो आणि माझं मलाच कळलं की मी एका दमात निम्म्यावर आलोय. आजवर कुठल्या गिऱ्हाइकानं मला असं खाली आणलं नव्हतं. पोरीनं समोरच्या कीबोर्डवर वाकून फुंकर मारली. धूळ उडाली. ती खोकली. मग गप्प.

मी दाजींकडं बघितलं. “हे पण तुम्हीच शिकवलंत?”

“नाही हो,” दाजी म्हणाले. “ते तिचं तिचं आहे.”

“एक देतो आमी,” पोरगी शेवटी म्हणाली. “त्ये कोपऱ्यातलं.”

“कोपऱ्यातलं? त्याचा पंखा घरघरतोय.”

“तुमीच दिलंय की.”

अख्खा वर्ग हसला. मुख्याध्यापिका बाई आवाज ऐकून दारात आल्या होत्या, त्याही हसल्या आणि मग मला नमस्कार करायचं त्यांच्या लक्षात आलं.

“एक चालेल,” मी म्हणालो. “पण मधलं पाहिजे. दारातून दिसणारं.”

पोरीनं मागं वळून बाकीच्यांकडं बघितलं. मधल्या मशीनवर शेळी होती आणि शेळीचा मालक एक बारका पोरगा होता, तो मान हलवून नाही म्हणत होता. त्यांची आपसात कुजबुज झाली. शेळीला खिडकीजवळची जागा मिळणार असं काहीतरी ठरलं. मग पोरगी माझ्याकडं वळली.

“मधलं देतो. पर आदी त्या आजीचं सांगा. कोन हुती, काय करत हुती. ठावं नसलेल्या मान्साचं नाव आमी मधल्या मशीनवर लावत न्हाय.”

ही किंमत मी आजवर कुणाला दिली नव्हती. माझ्या दुकानातल्या माणसांनाही ठाऊक नाही मी कुठल्या ताटात जेवलो ते. पण आक्का समोर बसलेली, साखरपुड्याची साडी नेसून, आणि तिला आई दाखवतो म्हणून मी आणलेलं. मी उभ्याउभ्याच रागात सांगायला सुरुवात केली. बाजारच्या दिवशी मोडीतली भांडी घ्यायची. ताट एकाचं, तांब्या दुसऱ्याचा. गुळाच्या व्यापाऱ्याचं नाव राखेनं जात नाही. ‘आज कुणाकडं जेवायला बसलास रं’ हे मी म्हणालो आणि पोरं इतकी हसली की मला दोनदा म्हणायला लावलं.

“आमच्या घरात बी हाय तसली कळशी,” शेळीवाला पोरगा म्हणाला. “तिच्यावर कुनाच्या तरी आत्याचं नाव हाय.”

“अन् माझं ताट वकिलाचं हुतं,” आक्का म्हणाली. “ते नीट सांग. ते गाळू नकोस.”

“खरंच वकील हुता का ओ?” कुणीतरी विचारलं.

“त्येचं त्येलाच ठावं. मी मात्र हुते.”

आम्ही बोलत होतो तेवढ्यात पोरगी मधल्या मशीनसमोर बसून एकेक अक्षर शोधत टाइप करत होती. मग तिनं मशीन बंद करून परत चालू केलं. झेंडूची चौकट आली. मध्ये आईचं नाव. आणि त्याच्याखाली:

‘ही आजी आपल्याच गावातली. तिच्या घरी सगळी भांडी दुसऱ्यांच्या नावाची होती. ती जेवताना विचारायची, आज कुणाकडं जेवायला बसलास?’

“नाव ठेव,” मी म्हणालो. “खालचं काढ.”

“का ओ?”

“का म्हणजे? आमच्या घरातली गोष्ट आहे ती. अख्ख्या गावाला कशाला?”

“सौदा झाला काका.”

“मी सांगतोय, खालचं काढ.”

“मंग शिका आन् बदला की तुमीच. सर शिकवत्यात. शनवारी या.”

आक्का मधल्या मशीनसमोर जाऊन उभी राहिली होती. नव्या चष्म्यातून ओठ हलवत वाचत होती. पहिल्यांदा वाचून झालं तरी ती तिथून हलेना. “चल,” मी म्हणालो, “साखरपुडा.” ती म्हणाली, “थांब की. आत्ताच तर आलीय.” आलीय ती स्वतः की आई, ते तिनं सांगितलं नाही.

साखरपुडा उरकून परत येताना दाजी आमच्याच गाडीत होते. हायवेला लागेपर्यंत मी दम धरला.

“दाजी, त्याला कुलूप लावता येत नव्हतं?”

“येत होतं.”

“पोरांना बदलता येणार नाही, असं करता येत होतं?”

“अगदी सोपं होतं.”

“मग?”

“नाही लावलं.”

“मला कायम म्हणालात!”

“कुलूप लावलं असतं तर राहिलं असतं कायम,” दाजी म्हणाले. “तुमच्या त्या पंख्यासारखं. लाईट गेल्यावर वाचण्यापुरतं.”

“विषय बदलू नका.”

“नाही बदलत. पण मेव्हणे, आता कुणी ते नाव काढायला गेलं तर ती पोरगी त्याला सोडेल असं वाटतं तुम्हाला?”

“मला काय वाटतं ते विचारू नका. मला शब्द कुणी दिला होता, ते सांगा.”

मागून आक्का म्हणाली, “भांडा तुम्ही. मला झोप येतेय.” आणि ती साखरपुड्यातला पेढा खात जागी राहिली.

यानंतर काय काय झालं तेही सांगतो, म्हणजे मी किती सोसतोय ते कळेल. दोन शनिवार गेले आणि दाजींनी निरोप आणला: पोरांना प्रिंटर पाहिजे. मी म्हणालो, बिलकुल नाही. एक पडून होता म्हणून पाठवला, तो विषय वेगळा. मग निरोप आला, मधल्या मशीनवर एक ओळ वाढवली आहे. आक्काच्या वकिलाची. कुणाला विचारून? आक्काला विचारून. आक्का आता त्या पोरीशी फोनवर बोलते. त्यांनी मिळून अजून काय काय लिहिलं आहे ते मला कुणी सांगत नाही. मला वाचायला मोडनिंबला जावं लागतं. गेल्या महिन्यात गेलो तर शेळीवाल्या पोरानं मला खुर्ची दिली आणि विचारलं, “आज कुनाकडं आलाय ओ?” सगळा वर्ग हसला. याला मानमरातब म्हणतात का?

आणि आता खरी गोष्ट. ती शाळा सातवीपर्यंतच आहे. पोरगी सातवीत आहे. जूनमध्ये ती आठवीला दुसरीकडं जाणार. तिच्याबरोबरची अर्धी पोरं जाणार. जी नवी येतील त्यांना कुठं माहीत गुळाचा व्यापारी कोण आणि वकील कोण? त्यांच्या घरी शेळ्या असतील, मम्म्या असतील, ट्रॅक्टरवर बसलेले चुलते असतील. पासवर्ड तर दाजींनी त्यांनाही देऊन ठेवला असेल. मी दाजींना फोन करून हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, “रविवारी जेवायला या, बोलू.” ही त्यांची जुनी पद्धत आहे. जेवायला बोलावतात, आक्का वाढत राहते आणि माणूस विसरतो की तो भांडायला आला होता.

रविवारी मी जुळे सोलापुरात जाणार आहे. आधी चहा घेणार नाही. दाजी अजूनही आक्कानं माहेरून आणलेल्या त्या वकिलाच्या ताटात जेवतात, लग्नात आलेला डिनर सेट कपाटात ठेवून. ते ताट त्यांनी बाजूला सारावं आणि माझ्याकडं बघून उत्तर द्यावं. खिडकीकडं बघायचं नाही. जूननंतर त्या वर्गात माझ्या आईला ओळखणारं कोण असणार? ती कोण होती ते नव्या पोरांना कोण सांगणार? मला दर शनिवारी तिथं सांगायला जायला लावणार असाल तर तसं स्पष्ट सांगा, पण सांगा. कायम हा शब्द तुम्ही उच्चारलात दाजी, मी नाही. त्याचा जाब तुम्हीच द्यायचा. आणि तो देऊन होईपर्यंत आक्कानं भाकरी वाढायची नाही.